आधी पिस्टन हातात, मगच बोअरिंग

नाना पेठेतल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "मारुती आठशेचे पिस्टन द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस दोन प्रश्न विचारतो. "मॉडेल कुठलं?" आणि "साइज काय?" पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण गाडी घेतली ते साल सांगतात. दुसऱ्याला "स्टँडर्डच द्या" म्हणतात. ही दोन्ही उत्तरं चुकू शकतात. ती चुकली तर जो फटका बसतो तो पिस्टनच्या किमतीपेक्षा बराच मोठा असतो, कारण बोअरिंग करताना, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा करताना, भिंतीतून एकदा काढलेलं बीड परत लावता येत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये वडिलांच्या १९९७ सालच्या आठशेचं इंजिन मी उतरवून घेतलं. कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे चढताना मागून निळा धूर निघायचा, आणि हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल कुठे जायचं याचं उत्तर त्या धुरातच होतं. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि असा धूर टाकणारी गाडी तिथे न्यायची माझी तयारी नव्हती. वडिलांना ती गाडी विकायची नव्हती. मलाही नव्हती.

मिस्त्रींनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं. पहिले दोन सिलिंडर बऱ्यापैकी होते, तिसऱ्याचा काटा खालीच राहिला. मग त्यांनी स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल तिसऱ्यात सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा वर चढला. ऑइलने जर दाब वाढला, तर गळती पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यामधून आहे. काटा जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर घ्यायचा. ही साधी चाचणी इंजिन उघडण्याआधी केलीच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलचं दुखणं असताना माणूस पिस्टन बदलून बसतो.

गाडीचं नाव पुरत नाही

पिस्टन गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. आठशेचंच उदाहरण घ्या. तिच्या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली जाण्याचा पल्ला, ७२ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन वर-खाली जाताना एका सिलिंडरमध्ये २६५.३ सीसी जागा मोकळी करतो. तिनाने गुणा, ७९६ सीसी. आता चाराने गुणा, १०६१. हा आकडा जुन्या वॅगन-आरच्या मालकांना ओळखीचा वाटेल. तिचं चार सिलिंडरचं इंजिन याच मापाच्या बोअर-स्ट्रोकवर उभं होतं. खुद्द ७९६ सीसीतसुद्धा दोन इंजिनं आली. एफ-८-बी म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन असे एकूण सहा व्हॉल्व्ह, आणि एफ-८-डी म्हणजे प्रत्येकी चार, एकूण बारा. जुन्या आठशेत आणि ओम्नीत पहिलं, अल्टोत दुसरं, आणि मधल्या काही वर्षांत आठशेतही दुसरं येऊन गेलं.

व्यास सगळ्यांचा सारखा. म्हणून बोअरमध्ये पिस्टन घालून बघितला तर तो बसल्यासारखा वाटतो, आणि इथेच फसगत होते. पिस्टनचं डोकं, म्हणजे वरचा भाग, हा दहनाच्या खोलीचा तळ असतो. वर दोन व्हॉल्व्ह आहेत की चार, ते कुठल्या कोनात उघडतात, खोलीचा आकार कसा आहे, त्यावर या डोक्यातला खोलगटपणा आणि व्हॉल्व्हसाठी सोडलेली जागा ठरते. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, एका इंजिनाचं आणि पिस्टन दुसऱ्याचा असेल तर एकतर कॉम्प्रेशन बिघडतं, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडतो.

त्यामुळे दुकानात सांगायचं ते साल नव्हे, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं. ती आरसी बुकावर असतात आणि ब्लॉकवरही, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावरही, ठोकलेली असतात. दोन्हीकडे बघा. पंचवीस वर्षांच्या गाडीत मधे कोणी दुसरा ब्लॉक किंवा दुसरं हेड बसवलं असेल तर कागद एक सांगेल आणि लोखंड दुसरं. अशा वेळी लोखंडाचं ऐकायचं.

मला स्वतःला हे कसं उमगलं ते सांगतो. पहिल्या दुकानातून आणलेला डबा मी गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हातात दिला. डब्यावर आठशे लिहिलं होतं, साइज बरोबर होती. त्यांनी एक पिस्टन काढला, आमचा जुना पिस्टन घासून स्वच्छ केला होता तो त्याच्याशेजारी काचेवर उलटा ठेवला, आणि दोन्हींच्या गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या, भोकांकडे बोट दाखवलं. भोकं एका रेषेत नव्हती. डोळ्यांनी दिसेल इतका फरक होता.

"दादा, हा आपला नाही," ते म्हणाले. "परत करून या. आणि जाताना हा जुना बरोबर न्या. तोंडी सांगत बसू नका."

दुकानदाराने डबा बदलून दिला. त्याच्याकडेही वाद घालण्यासारखं काही नव्हतं, दोन पिस्टन शेजारी ठेवल्यावर प्रश्नच संपला. तेव्हापासून कोणी विचारलं की मी हेच सांगतो: जुना पिस्टन, पिन आणि रिंगा पिशवीत घालून न्या.

एक मिलिमीटरने काय होतं

पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतच्या उंचीला कॉम्प्रेशन हाइट म्हणतात. क्रँक (खालचा फिरणारा दांडा) आणि त्याला पिस्टन जोडणारा कनेक्टिंग रॉड तेच आहेत, म्हणजे पिन प्रत्येक फेरीत त्याच उंचीपर्यंत जाणार. त्यापुढे पिस्टनचा माथा किती वर जाईल ते या एका मापावर अवलंबून. भोकं एका रेषेत नसल्याचा अर्थ हा होता.

हिशेब करून बघू. समजा इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.७ ला १ आहे. याचा अर्थ पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा, तिच्या ८.७ पट कमी जागा तो माथ्यावर पोचल्यावर उरते. २६५.३ सीसीच्या सिलिंडरमध्ये ही उरलेली जागा साधारण ३४.५ सीसी येते, जेमतेम दोन मोठे चमचे. आता पिस्टनची उंची एक मिलिमीटरने कमी आहे असं धरा. ६८.५ मिलिमीटरच्या गोलात एक मिलिमीटरची चकती म्हणजे सुमारे ३.७ सीसी. उरलेली जागा ३८ सीसीवर जाते आणि ८.७ चं कॉम्प्रेशन ८ च्याही खाली येतं. गाडी चालू होईल, पण घाटात दम तोडेल आणि पेट्रोल जास्त पिईल.

उलटं झालं, म्हणजे पिस्टन एक मिलिमीटरने उंच निघाला, तर कॉम्प्रेशन ९.६ वर जातं. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाचं इग्निशन त्या जास्तीच्या कॉम्प्रेशनसाठी जुळवलेलं नसतं. चढावर नॉकिंग सुरू होतं, काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज पिस्टनचा माथा आणि रिंगांमधल्या कडा खातो. हेडचा व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याची भीती वेगळीच. डोक्यातल्या खड्ड्याचंही असंच. खड्डा तीन-चार सीसीने लहान-मोठा असला की परिणाम तोच.

शंका असेल तर बांधताना तपासता येतं. पिस्टन रॉडला लावून ब्लॉकमध्ये घाला, माथ्यावर आणा, आणि ब्लॉकच्या सपाटीपासून तो किती खाली किंवा वर राहतो ते डायल गेजने बघा. उघडतानाही हेच माप घेऊन ठेवलं असेल तर तुलना पाच मिनिटांची आहे. दुर्दैवाने उघडताना हे माप घेणारे फार थोडे भेटतात.

साइज कशी ठरते

आता दुसरा प्रश्न, स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचा, की ओव्हरसाइज, म्हणजे कापून मोठ्या केलेल्या बोअरसाठीचा. हे ठरवायला बोअर मोजावा लागतो, आणि तो व्हर्नियरने मोजता येत नाही. साध्या व्हर्नियरचा लहानात लहान भाग ०.०२ मिलिमीटरचा. आपल्याला ज्या फटीशी काम आहे ती पूर्ण फटच मुळी ०.०४ च्या आसपास असते. भोसरीच्या वर्कशॉपांत मिलिमीटर कोणी बोलत नाही, मायक्रॉन बोलतात. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट त्याच्या निम्मीच्या जरा वर. हे काम बोअर गेज आणि मायक्रोमीटरचं आहे.

बोअर एका जागी मोजून भागत नाही. वर, मधे आणि खाली अशा तीन खोलींवर, आणि प्रत्येक खोलीवर क्रँकच्या दिशेने एकदा व तिला आडवं एकदा, अशी एका सिलिंडरची सहा मापं. कारण बोअर सारखा झिजत नाही. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या शेवटच्या थांब्यापाशी होते. तिथे ऑइल सर्वांत कमी पोचतं, उष्णता आणि दाब सर्वांत जास्त, आणि रिंग तिथे क्षणभर थांबून दिशा बदलते. जुन्या ब्लॉकमध्ये माथ्याजवळ नख फिरवलं की एक कड लागते. कडेच्या वर रिंग कधी पोचलेलीच नसते, तो मूळ बोअर, खालचा झिजलेला.

आमच्या तिसऱ्या सिलिंडरचं वरचं आडवं माप ६८.६३ आलं, तळाशी ६८.५४. वरच्या आणि खालच्या मापातला हा ९० मायक्रॉनचा फरक चालवून घेण्याच्या मर्यादेला जाऊन टेकला होता. बाकीचे दोन बरे होते.

मी विचारलं, १३० मायक्रॉनच झिजलाय तर ०.२५ ची ओव्हरसाइज पुरेल ना? ०.२५ म्हणजे बोअर ६८.७५ करायचा. ६८.६३ पेक्षा तो मोठाच आहे.

मिस्त्रींनी ब्लॉकच्या तोंडावर खडूने एक गोल काढला आणि त्याच्या एकाच बाजूला फुगवटा काढला. "झीज सगळीकडून नाही झाली. पिस्टन एका बाजूला रेटतो, तिथेच खाल्लंय. मधला बिंदू मी हलवू शकत नाही, क्रँक खाली आहे."

हे मला आधी कोणी समजावलं नव्हतं. कनेक्टिंग रॉड तिरका असताना दाब पिस्टनला एका भिंतीवर रेटतो, म्हणून झीज मुख्यतः एका बाजूची. बोअरिंग मात्र मूळ मध्यावरूनच करावं लागतं. मूळ त्रिज्या ३४.२५, एका बाजूला ०.१३ खाल्लेलं, म्हणजे त्या बाजूला ३४.३८ पर्यंत कापलं तरच भिंत स्वच्छ होणार. दुप्पट करा, ६८.७६. ०.२५ च्या ओव्हरसाइजचा बोअर ६८.७५. दहा मायक्रॉनने हुकला. त्या जागी काळपट झिजलेला पट्टा तसाच राहिला असता आणि नवीन रिंगा तिथे नीट बसल्या नसत्या. म्हणून आम्ही ०.५० घेतली.

तिन्ही सिलिंडरना एकच साइज. दोन चांगले आहेत म्हणून एकालाच ओव्हरसाइज टाकणारे असतात, पण मग प्रत्येक सिलिंडरचं बळ आणि पिस्टनचं वजन वेगळं होतं. ०.५० ने आमचं ७९६ सीसीचं इंजिन ८०८ सीसीचं झालं, तेवढ्याने गाडीच्या स्वभावात काही फरक पडत नाही. जेवढ्या लहान साइजमध्ये भिंत स्वच्छ होते तेवढीच घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळेला बीड शिल्लक राहतं. शेवटची ओव्हरसाइजही पुरत नसेल तर बोअरमध्ये नवा लायनर, म्हणजे आतून बसणारी नळी, ठोकून पुन्हा स्टँडर्डवर यायचं. चांगल्या हातून झालेला लायनर वर्षानुवर्षं चालतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

एक बारीक गोष्ट. जुने कारागीर साइज थाऊमध्ये सांगतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "वीस साइज" म्हणजे वीस थाऊ, ०.५०८ मिलिमीटर. ०.५० पेक्षा आठ मायक्रॉन जास्त. बोलण्यात दोन्ही एकच समजतात आणि बहुतेकदा निभावतं, पण मोजल्याशिवाय निभावलं असं धरू नका.

डब्यावरचा आकडा हे माप नाही

या लेखातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं हे. डब्यावर ०.५० लिहिलंय म्हणजे पिस्टन ६९.०० मिलिमीटरचा आहे असं नाही. ०.५० म्हणजे तो ६९.०० च्या बोअरसाठी आहे. पिस्टन स्वतः फटीइतका लहान असतो, आमचे ६८.९६ च्या आसपास होते. आता एखाद्याने पिस्टन ६९.०० चा आहे असं समजून त्यात ०.०४ ची फट मिळवली आणि बोअर ६९.०४ केला, तर खरी फट ०.०८ होते. दुप्पट. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टकटक ऐकू येते, रिंगा डगमगतात, आणि निळा धूर काही महिन्यांत परत येतो. आणि मग लोक म्हणतात, रिबिल्ड केलेलं इंजिन टिकत नाही.

म्हणून क्रम असा पाहिजे: बोअर मोजून साइज ठरवा, पिस्टन आणा, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, आणि मग ज्या सिलिंडरमध्ये जो पिस्टन जाणार त्याच्या मापात फट मिळवून तो सिलिंडर कापा. बोअरिंग थोडं कमी करायचं आणि शेवटचे काही मायक्रॉन होनिंगने, म्हणजे दगडाने घासून, घालवायचे. आमचे तीन पिस्टन ६८.९५८, ६८.९६० आणि ६८.९६५ भरले. मिस्त्रींनी मार्करने प्रत्येकाच्या माथ्यावर सिलिंडरचा आकडा टाकला आणि ब्लॉकबरोबर पिस्टन बोअरिंगवाल्याकडे पाठवले. नुसता ब्लॉक पाठवून "हाफ एमएम करून द्या" असा निरोप द्यायचा आणि पिस्टन नंतर आणायचे, ही पद्धत सर्रास दिसते. ती चूक आहे.

फट नेमकी किती ठेवायची ते इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये किंवा पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर असतं. छोट्या पेट्रोल इंजिनात ते सर्वसाधारणपणे ३० ते ५० मायक्रॉनच्या घरात येतं. दोन्हींत फरक असेल तर पिस्टन बनवणाऱ्याचं ऐकावं, कारण त्याच्या धातूचं फुगणं त्याला माहीत असतं.

पिस्टन कुठे मोजायचा हेही ठरलेलं आहे. पिस्टन पूर्ण गोल नसतो. स्कर्टवर, म्हणजे खालच्या झग्यासारख्या भागावर, पिनला काटकोनात तो सर्वांत रुंद असतो. पिनच्या दिशेने मुद्दाम अरुंद केलेला असतो. माथ्याकडेही तो निमुळता असतो, कारण माथा सर्वांत जास्त तापतो. कारण साधं आहे. शंभर अंशांनी तापलं तर ६८.५ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सुमारे १४० मायक्रॉन फुगतं आणि बिडाचा बोअर सुमारे ७५. फरक ६५ मायक्रॉनचा, आणि आपली फट ४० ची. पिस्टन जर नुसता गोल घडवला असता तर तो गरम होताच भिंतीत जाम झाला असता. म्हणून वाढलेला धातू पिनच्या दिशेने, जिथे मोकळी जागा सोडली आहे तिथे सरकेल असा आकार त्याला दिलेला असतो. काही पिस्टनांत फुगणं आवरायला आत पोलादाच्या पट्ट्याही ओतलेल्या असतात. तेव्हा मायक्रोमीटर पिनला काटकोनात, स्कर्टच्या तळापासून कागदावर दिलेल्या उंचीवरच लावायचा. स्कर्टवर काळा ग्रॅफाइटचा थर असेल तर माप थरावरून घ्यायचं की थर सोडून, तेही कागदावर वाचा.

आणि पुण्याचा एप्रिल. दुसरा डबा घेऊन मी दुपारी दोनच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून आलो होतो. मिस्त्रींनी पिस्टन हातात घेतले आणि न मोजता ब्लॉकवर ठेवून दिले. "चहा घेऊन या," म्हणाले. तासाभराने मोजले. ते बरोबर होतं हे मी नंतर आकडेमोड करून पाहिलं: पिस्टन ब्लॉकपेक्षा नुसता पंधरा अंशांनी गरम असेल तर तो सुमारे वीस मायक्रॉन मोठा भरतो. म्हणजे निम्मी फट आपण उन्हाला देऊन बसलो असतो. पिस्टन, ब्लॉक आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच सावलीत ठेवलेली उत्तम.

पिन, रिंगा, वजन

पिनचा व्यास आणि लांबी जुन्याशी ताडून बघा. पिन बसवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत ती रॉडमध्ये आणि पिस्टनमध्ये मोकळी फिरते आणि दोन्ही टोकांना लॉक असतात. दुसरीत ती रॉडच्या डोळ्यात घट्ट दाबलेली असते, लॉक नसतात. तुमचा रॉड ज्या तऱ्हेचा, पिस्टन त्याच तऱ्हेचा हवा. दाबून बसवायची पिन हातोड्याने ठोकू देऊ नका. मोजून मापून आणलेला पिस्टन त्या चार घावांत वाकडा होतो. रॉडचं टोक तापवून किंवा योग्य आधार देऊन प्रेसवर पिन बसवतात.

रिंगा पिस्टनच्या खोबणीच्या रुंदीच्या लागतात. गाडी तीच असली तरी एका कंपनीच्या पिस्टनची खोबण जाड रिंगेची आणि दुसऱ्याची पातळ रिंगेची असू शकते, म्हणून शक्यतो पिस्टनबरोबरचाच सेट. रिंगही ओव्हरसाइजची हवी, ०.५० च्या पिस्टनला ०.५० ची. बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. या आकाराच्या बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण ०.२ ते ०.३५ मिलिमीटर असावी. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि नवा बोअर ओरबाडते. कमी पडलेली फट बारीक कानशीने वाढवता येते, जास्त असलेली कमी करता येत नाही. रिंगेवरचं अक्षर किंवा खूण नेहमी वर.

वजनाकडे छोट्या गाड्यांच्या कामात कोणी बघत नाही. बघावं. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे तीन हात १२० अंशांवर असतात, आणि वर-खाली जाणाऱ्या तीन पिस्टनांचे झटके एकमेकांना खोडतात ते तिघांचं वजन सारखं असेल तरच. ७२ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ५००० आरपीएमला माथ्याजवळ एका ग्रॅमचा फरक एक किलोपेक्षा जास्त ओढीइतका होतो, आणि ते सेकंदाला त्र्याऐंशी वेळा. मी तिन्ही पिस्टन पिनांसकट घरच्या स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर तोलले. फरक दोन ग्रॅमचा निघाला. दहा-पंधरा ग्रॅमचा निघाला असता तर डबा परत केला असता. एकाच डब्यात दोन वेगळ्या बॅचचा माल भरलेला असेल तर तो इथे पकडला जातो.

माथ्यावरचा बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पुलीकडे. पिनचं भोक पिस्टनच्या नेमक्या मध्यात नसतं, अगदी थोडं एका बाजूला सरकवलेलं असतं, ज्यामुळे पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत नाही, अलगद टेकतो. बाण उलटा गेला की ही सोय उलटी होते आणि इंजिन आवाज करतं.

फोर्ज्ड पिस्टन वगैरे विकणारे भेटतील. रोज सिंहगड रोडवरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्यांची गरज नाही. ते ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, त्यांना फट जास्त ठेवावी लागते आणि थंडीत ते वाजतात.

ब्लॉक परत आल्यावर

होनिंग झालेल्या भिंतीवर तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या पाहिजेत. त्या रेषांत ऑइल टिकतं. भिंत आरशासारखी चकचकीत असेल तर परत पाठवा. आणि ब्लॉक धुवायचा तो गरम पाणी आणि धुण्याच्या साबणाने, ब्रशने घासून. नुसत्या पेट्रोल-डिझेलने होनिंगच्या दगडाची भुकटी निघत नाही, ती रेषांत बसून राहते आणि नव्या रिंगांना कानशीसारखी घासते. आम्ही धुतल्यावर वडिलांचा जुना पांढरा रुमाल ऑइलमध्ये भिजवून भिंतीवर फिरवला. तो करडा झाला. पुन्हा धुतलं. चौथ्या वेळी तो पांढरा राहिला, तेव्हा कुठे मिस्त्रींनी पिस्टनना हात लावला.

पहिले हजार किलोमीटर वेग बदलत राहा, उगाच उभ्या उभ्या चालू ठेवू नका, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, पण अगदी फुलासारखंही जपू नका. मध्यम जोर पडला तरच रिंगा भिंतीवर बसतात. मी रोज सकाळी कात्रजचा घाट चढून खेड शिवापूरपर्यंत जायचो आणि परत यायचो. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला.

मिस्त्रींनी गाडी देताना एक कागद दिला होता, तो आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आरसी बुकाबरोबर ठेवलाय. त्यावर तीन ओळी आहेत, एकेका सिलिंडरची: पिस्टनचं माप, बोअरचं माप, मधली फट. खाली तारीख, ओडोमीटरचा आकडा, आणि त्यांच्या हातचं "पुढची साइज विचारून घ्या, अंदाजाने नको."